क्वांटम मेमरी जपायची कशी? नाशिकच्या रविवारच्या वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. महिन्यातल्या एका रविवारी पंचवटीत क्वांटम संगणकावर खुला वर्ग घेते. विद्यार्थी येतात, त्यांचे पालक येतात, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले इंजिनिअर येतात, कधी माझ्या गावाकडचे शेतकरीही येतात. वर्ग संपला की प्रश्न साधारण तेच असतात आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: क्यूबिटमध्ये, म्हणजे क्वांटम संगणकातल्या माहितीच्या सगळ्यात छोट्या एककात, ठेवलेलं टिकत का नाही, आणि टिकवायचं कसं? म्हणून ते सगळे इथे एकत्र लिहिले आहेत.

क्यूबिटमध्ये नेमकं काय साठवलेलं असतं?

साध्या संगणकाच्या बिटमध्ये ० किंवा १ असतो. क्यूबिट दोन्हींच्या मिश्रणात राहू शकतो आणि त्या मिश्रणाला दोन बाजू असतात. एक, ० किती आणि १ किती. दुसरी, त्या दोघांमधला कलेचा फरक, म्हणजे फेज. फेज घड्याळाच्या काट्यासारखी असते, वर्तुळावर कुठेही उभी राहू शकते. क्वांटम गणिताची ताकद बरीचशी या फेजमध्येच असते, कारण तिच्यामुळेच चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतात आणि बरोबर उत्तर उठून दिसतं. सगळ्यात नाजूकही तीच. ० आणि १ चं प्रमाण जागच्या जागी असताना फेज भरकटलेली असू शकते, आणि मग बाकी काही शिल्लक असून उपयोग नसतो.

डीकोहेरन्स म्हणजे माहिती पुसली जाते का?

आसपासच्या जगामुळे क्यूबिटची स्थिती बिघडत जाते, त्याला डीकोहेरन्स म्हणतात. त्यात माहिती पुसली जात नाही, गळते. हा फरक मी वर्गात फार आग्रहानं सांगते. क्यूबिटच्या आसपास भटका फोटॉन असतो, धातूवरच्या ऑक्साइडच्या थरातला एखादा दोष असतो, शेजारच्या अणूचं केंद्रक असतं. यातला प्रत्येक जण क्यूबिटशी थोडा थोडा गुंतत जातो आणि त्याच्याबद्दल थोडं थोडं 'जाणून' घेतो. माहिती जगात असतेच, पण ती इतक्या ठिकाणी विखुरते की परत गोळा करता येत नाही. हा विचार १९७० मध्ये एच. डिटर झे यांनी मांडला आणि पुढे वोइचेक झुरेक यांनी तो तपशिलात नेला.

प्रयोगशाळेत दोन आकडे मोजतात. क्यूबिट १ वरून ० वर घसरायला लागणारा काळ म्हणजे टी-१. फेज भरकटायला लागणारा काळ म्हणजे टी-२. टी-२ कधीही टी-१ च्या दुपटीहून जास्त असू शकत नाही.

मग सगळीकडून घट्ट बंद करून का ठेवत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण याचं उत्तर मी शाळेत असताना घरीच पाहिलं आहे.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये काढायचा, सुकवायचा आणि चाळीत भरायचा. भाव बरा मिळाला तर दिवाळीपर्यंत थोडा थोडा लासलगावला न्यायचा. कांदाचाळ जमिनीपासून उचललेली असते, भिंती बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या, मध्ये फटी. एका वर्षी जूनमध्ये असा पाऊस लागला की वडिलांनी घाबरून चाळीला चारही बाजूंनी ताडपत्री आवळून बांधली. पंधरा-वीस दिवसांनी सोडली तेव्हा आतून उबट वाफ अंगावर आली. कांदा घामेजला होता. वरचा थर कोरडा दिसत होता, पण हात आत घातला की बोटांना चिकट लागायचं. पाऊस आत गेला नव्हता, हवाही गेली नव्हती.

क्यूबिट अर्थातच घामेजत नाही. तो जगापासून पूर्ण तोडला तर खरोखरच टिकेल. पण मग त्यात काही लिहिता येणार नाही आणि त्यातलं काही वाचताही येणार नाही. ज्या तारेतून आपण मायक्रोवेव्हचा स्पंद आत पाठवतो, त्याच तारेतून खोलीच्या तापमानाचा गोंगाट आत शिरतो. ज्या वाटेनं आपण मोजमाप बाहेर काढतो, त्याच वाटेनं क्यूबिटची ऊर्जाही बाहेर पडते. दार एकच आहे. गेल्या पंचवीस वर्षांतली बरीचशी मेहनत या एका दारावर झाली आहे: आपल्याला हवं तेवढं, हवं त्या क्षणी आत यावं आणि बाकी काही येऊ नये.

इतकं थंड कशाला करावं लागतं?

सुपरकंडक्टिंग क्यूबिट, म्हणजे अतिथंडीत विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या धातूचा क्यूबिट, साधारण ५ गिगाहर्ट्झवर चालतो. एवढ्या ऊर्जेचं तापमानात रूपांतर केलं तर ते जेमतेम पाव केल्विन येतं. म्हणजे आजूबाजूला पाव केल्विनएवढी ऊब असली तरी ती क्यूबिटला आपोआप ० वरून १ वर ढकलू शकते. म्हणून १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत खाली जावं लागतं, निरपेक्ष शून्याच्या जवळ. तारे-दीर्घिकांमधल्या रिकाम्या अवकाशाचं तापमानसुद्धा २.७ केल्विन आहे, म्हणजे याच्या शेकडो पट जास्त.

त्यासाठीच्या डायल्युशन फ्रिजची रचना घरातल्या उतरंडीसारखी, फक्त छताला लटकवलेली. एकाखाली एक तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या गोल थाळ्या: सुमारे ५० केल्विन, मग ४, मग १ च्या आसपास, मग ०.१, आणि सगळ्यात खाली चिप. शेवटची थंडी हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणातून मिळते. प्रत्येक थाळीवर तारेला अटेन्युएटर लावतात. २० डेसिबलचा अटेन्युएटर येणाऱ्या गोंगाटाची ताकद शंभरावा हिस्सा करतो, असे तीन लावले की दहा लाखावा हिस्सा उरतो. सोबत आपला स्पंदही तेवढाच क्षीण होतो, म्हणून तो वरून जोरकस पाठवावा लागतो.

थाळ्या तांब्याच्या, कारण तांबं उष्णता चांगली वाहतं. नाशिकच्या भांडीबाजारातून जाताना टांगलेल्या पराती दिसल्या की मला हे फ्रिज आठवतं.

थंड केलं की झालं?

नाही. चुंबकीय क्षेत्र अडवायला म्यू-मेटलचं आणि सुपरकंडक्टिंग ॲल्युमिनिअमचं कवच लागतं, अवरक्त किरण अडवायला फिल्टर लागतात. एवढं करूनही चिपचा स्वतःचा पृष्ठभाग त्रास देतो. धातूवर आपोआप बसणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरात लहान लहान दोष असतात आणि ते क्यूबिटची ऊर्जा शोषतात. १९९९ मध्ये नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी जपानमध्ये पहिला सुपरकंडक्टिंग क्यूबिट चालवला तेव्हा तो काही नॅनोसेकंद टिकला. २००७ मध्ये येल विद्यापीठात ट्रान्समॉन नावाची रचना आली, तिनं विद्युतभाराच्या गोंगाटाकडे जवळपास पाठ फिरवली. २०२१ मध्ये प्रिन्स्टनमध्ये नायोबिअमऐवजी टँटलम वापरून ०.३ मिलिसेकंदापर्यंत मजल गेली. धातू बदलला म्हणून एवढा फरक पडला, हे मटेरिअल सायन्सकडे वळणाऱ्या मुलांनी लक्षात घ्यावं.

आणि आकाशातूनही मार येतोच. २०२० मध्ये एमआयटीतल्या गटानं दाखवलं की वैश्विक किरण आणि भिंतींमधला नैसर्गिक किरणोत्सर्ग क्यूबिटला काही मिलिसेकंदांच्या पुढे टिकू देणार नाहीत. इटलीत ग्रान सास्सोच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत अशी उपकरणं नेऊन पाहिली जातात, ती याचसाठी.

भरकटलेली फेज परत आणता येते का?

काही प्रमाणात येते. याची युक्ती १९५० मध्ये एर्विन हान यांना सापडली, तेव्हा क्वांटम संगणकाचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करतात. सगळे एकत्र निघाले तरी तासाभरात माणसं वाटेवर पसरतात. तरुण पुढे, आजी-आजोबा मागे. ही पसरलेली रांग म्हणजे भरकटलेल्या फेज. आता कल्पना करा (खऱ्या प्रदक्षिणेत कोणी उलट फिरत नाही) की बरोबर एका तासानं शिट्टी वाजली आणि सगळे आपापल्याच वेगानं उलटे फिरले. जो जास्त पुढे गेला त्याला जास्त परत यायचं आहे, पण तो चालतोही भरभर. आणखी एका तासानं सगळे सुरुवातीच्या जागी एकाच क्षणी पोचतात. कोणाचा वेग किती, हे कोणालाही माहीत असण्याची गरज नाही. याला स्पिन इको म्हणतात.

अट एकच, जातानाचा आणि येतानाचा वेग सारखा हवा. मध्येच पाऊस आला आणि कोणी घसरून रेंगाळला तर हिशेब चुकतो. मग उपाय काय? शिट्टी लवकर लवकर वाजवा, म्हणजे दोन शिट्ट्यांच्या मध्ये वेग बदलायला फारशी सवड मिळत नाही. १९९८ मध्ये लोरेन्झा व्हायोला आणि सेथ लॉइड यांनी हा विचार क्यूबिटसाठी नीट मांडला, त्याला डायनॅमिकल डीकपलिंग म्हणतात. हळूहळू बदलणाऱ्या गोंगाटावर तो फार चांगला चालतो, भराभर बदलणाऱ्यावर नाही. आणि टी-१ ची घसरण त्यानं थांबत नाही.

सरळ कॉपी काढून का ठेवत नाहीत?

निसर्ग काढू देत नाही. अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केलं. उघडून बघितलं तर मिश्रण मोडतं. प्रत काढता येत नाही आणि बघताही येत नाही, म्हटल्यावर चूक दुरुस्त करणं अशक्यच आहे, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटत होतं. पण १९९५ मध्ये पीटर शोर यांनी एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांत पसरून ठेवणारा कोड मांडला आणि पुढच्याच वर्षी अँड्र्यू स्टीन यांनी सात क्यूबिटांचा.

न बघता चूक सापडते कशी?

इथे थोडा वेळ घेते, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे.

वर्गात मी तीन मुलींना ओळीनं बसवते. प्रत्येकीच्या तळहाताखाली रुपयाचं नाणं. आपसात ठरवून तिघींनी सारखीच बाजू वर ठेवायची, तिन्ही छापा किंवा तिन्ही काटा. काय ठेवलं ते मला सांगायचं नाही. मी पाठ फिरवते आणि चौथी मुलगी येऊन त्यातलं एखादं नाणं उलटवून जाते, किंवा काहीच करत नाही.

मग मी दोनच प्रश्न विचारते. पहिल्या दोघींचं सारखं आहे का? दुसरी आणि तिसरी, तुमचं सारखं आहे का? दोन्हींना 'हो' आलं तर काही बिघडलेलं नाही. 'नाही, हो' आलं तर पहिलीचं उलटलं. 'हो, नाही' आलं तर तिसरीचं. दोन्हींना 'नाही' आलं तर मधलीचं. मी सांगते, "तू तुझं नाणं फिरव", ती फिरवते, आणि छापा होता की काटा हे मला शेवटपर्यंत कळत नाही.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, पण सारखं आहे का ते बघताना एखादी चुकून बोलली की माझा छापा आहे, तर?" मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि तोच प्रश्न फळ्यावर लिहायला सांगितला. तर सगळं गेलं. 'सारखं की वेगळं' एवढंच बाहेर यायला हवं. त्याहून एक अक्षर जास्त बाहेर आलं तर तोच डीकोहेरन्स, फक्त या वेळी तो आपण स्वतः घडवलेला. म्हणून प्रयोगशाळेत एक मदतनीस क्यूबिट ठेवतात. तो आधी एकाशी, मग दुसऱ्याशी थोडा वेळ गुंततो, आणि नंतर फक्त त्याला वाचतात.

माझे वडील चाळीच्या कडेनं चालत जायचे आणि नुसत्या वासावरून सांगायचे की तिसऱ्या कप्प्यात खालच्या बाजूला कांदा सडायला लागलाय. एकही कांदा हातात न घेता. मदतनीस क्यूबिटांचं काम वडिलांच्या नाकाचं आहे.

नाण्यांचा खेळ दोन ठिकाणी अपुरा पडतो. एक, नाण्याला फेज नसते. क्यूबिटची फेजही उलटू शकते, तिच्यासाठी वेगळ्या जातीचे प्रश्न विचारावे लागतात. शोर यांच्या कोडमध्ये तीन-तीनचे तीन गट आहेत ते त्यामुळेच. दोन, नाणं पूर्ण उलटतं किंवा उलटत नाही; क्यूबिट मात्र जरासाच कलू शकतो. इथे एक सुंदर गोष्ट घडते. 'सारखं की वेगळं' असं विचारल्यावर तो जरासा कललेला क्यूबिट एक तर पूर्ण सरळ होतो, किंवा क्वचित पूर्ण उलटतो. म्हणजे अगणित छोट्या चुका प्रश्न विचारल्या क्षणी मोजक्या, ओळखता येण्याजोग्या चुकांमध्ये बदलतात. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी वही मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

दोन नाणी एकदम उलटली तर?

तर मी चुकीची दुरुस्ती सांगेन आणि तिन्ही नाणी चुकीची होतील. म्हणून कोड मोठा लागतो. आज सगळ्यात जास्त वापरात असलेल्या सरफेस कोडचं मूळ अलेक्सी किताएव यांच्या १९९७ च्या कामात आहे. त्यात क्यूबिट चौकटीत मांडलेले असतात आणि प्रत्येक जण फक्त शेजाऱ्यांशी बोलतो.

येवल्यात पैठणीचा माग पाहिला असेल तर हे लवकर कळेल. माहिती एका धाग्यात नसते, सगळ्या वस्त्राच्या विणीत असते. मध्येच एखादा धागा तुटला तर विणकराला तो दिसतो आणि जोडता येतो. चुका जोडत जोडत एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सलग पोचल्या, तरच साठवलेलं बदलतं. उभी साखळी एका प्रकारची चूक करते, आडवी दुसऱ्या प्रकारची. वस्त्र जितकं रुंद, तितकी अशी सलग साखळी दुर्मीळ.

पण मदतनीसही चुकतात. प्रत्येक क्रियेतली चूक साधारण १ टक्क्याच्या खाली असेल तरच वस्त्र मोठं करण्याचा फायदा होतो. वर असेल तर क्यूबिट वाढवले की बिघाडच वाढतो. मेमरीसाठी चूक या उंबरठ्याच्या रेषेच्या स्पष्टपणे खाली गेल्याचं गूगलच्या विलो चिपवर दिसलं, तो निकाल २०२४ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला. चौकटीची बाजू ३ वरून ५, ५ वरून ७ क्यूबिट केली तशी चूक प्रत्येक वेळी निम्म्याहून खाली आली, २.१४ पटीनं. ७ च्या चौकटीत ४९ क्यूबिट माहितीचे आणि ४८ मोजणीचे. दर फेरीला चूक ०.१४३ टक्के. आणि साठवलेला क्यूबिट २९१ मायक्रोसेकंद टिकला, तर त्या चौकटीतला सगळ्यात चांगला सुटा क्यूबिट ११९. सगळं मिळून जे झालं ते कोणत्याही एकाहून जास्त टिकलं, हे माझ्या मते त्या निकालातलं सगळ्यात मोठं वाक्य आहे. त्याच कामात असंही दिसलं की साधा कोड खूप मोठा केला तरी साधारण तासाला एकदा अनेक क्यूबिट एकदमच बिघडवणारा झटका येतो. तिथे काम बाकी आहे.

सहा तास टिकणारी मेमरी आहे असं वाचलं. मग अडचण काय?

खरं आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटानं युरोपिअम मिसळलेल्या स्फटिकात, २ केल्विनला, अणुकेंद्रकाच्या स्पिनची (छोट्या चुंबकासारख्या गुणधर्माची) सुसंगती, म्हणजे न भरकटलेली फेज, सुमारे सहा तास टिकवली. २०२१ मध्ये चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात एकट्या यटरबिअम आयनासाठी तासाहून जास्त काळाचा अंदाज निघाला. अशा ठिकाणी चुंबकीय क्षेत्र थोडं हललं तरी वारंवारता बदलत नाही असा बिंदू निवडतात, आणि वरून ब्रह्मगिरीच्या फेरीतल्या शिट्ट्या वाजवत राहतात.

पण जे जगाशी कमी बोलतं ते आपल्याशीही कमी बोलतं. त्यामुळे नुसता टिकण्याचा काळ विचारू नका, तेवढ्या काळात किती क्रिया होतात ते विचारा. ट्रान्समॉन १०० मायक्रोसेकंद टिकला आणि एक क्रिया २५ नॅनोसेकंदांची असली, तर त्याच्या आयुष्यात ४,००० क्रिया बसतात. क्वांटम संदेशवहनात वाट बघण्यासाठी स्फटिक चांगला, भराभर गणित करायला ट्रान्समॉन. एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही.

बँकेचे पासवर्ड धोक्यात आहेत का?

आज नाहीत. आरएसए ही इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारी कूटपद्धत; तिची २०४८ बिटांची किल्ली फोडायला दहा लाखांहून थोडे कमी क्यूबिट लागतील, असा गूगलचे संशोधक क्रेग गिडनी यांचा २०२५ चा अंदाज आहे. २०१९ मध्ये हाच अंदाज दोन कोटींचा होता. क्यूबिट वाढण्याआधीच गरज कमी होते आहे, म्हणून नवीन कूटपद्धतींकडे आत्ताच वळणं शहाणपणाचं.

हे आपल्याकडे, जवळपास कुठे चालतं?

केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं, २०३०-३१ पर्यंतचं. नाशिकहून सकाळी निघून दुपारी पोचता येईल अशा दोन जागा आहेत: मुंबईत टीआयएफआर, जिथे सुपरकंडक्टिंग क्यूबिटांवर काम चालतं, आणि पुण्यात आयसर. अंबड-सातपूरच्या मंडळींना मी नेहमी सांगते की या क्षेत्राला फक्त भौतिकशास्त्रज्ञ लागत नाहीत. शुद्ध तांब्याचं अचूक मशिनिंग, निर्वात जोडणी, मायक्रोवेव्हच्या केबल, कंपनं अडवणारी चौकट, हे सगळं कोणीतरी हातानं बनवतं.

माझ्या मुलीकडे साधा लॅपटॉप आहे. ती काय करू शकते?

भरपूर. पायथॉन येत असेल तर क्विसकिट किंवा स्टिम उतरवून घ्या, दोन्ही फुकट आहेत. स्टिम खास चूकदुरुस्तीच्या कोडसाठीच लिहिलेलं आहे. आधी तीन नाण्यांचा खेळ प्रोग्राममध्ये उतरवायला सांगा. प्रत्येक नाणं उलटण्याची शक्यता १० टक्के ठेवली तर दुरुस्तीनंतर चूक २.८ टक्के यायला हवी. हे ती कागदावरही काढू शकते. मग शक्यता वाढवत न्यायची, २० टक्के, ३०, ४०, आणि दुरुस्तीचा फायदा कुठे संपतो ते शोधायचं. तो बिंदू सापडला की तो कागद घेऊन तिला रविवारी वर्गात पाठवा.